अकरा खिळे

९ ऑगस्ट

खालच्या शेताचे मालक यांस,

रजिस्टर पत्र बघून दचकला असाल. दोनशे पावलांवर राहणाऱ्या माणसाला कुणी रजिस्टर पत्र पाठवतं का, असं पोस्टमनही म्हणाला. म्हटलं, बाबा रे, तू शिक्का मार आणि पोचपावती आण. आपण चार वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही, पण कागद तो कागद.

मुद्द्याचं लिहिते. माझ्या शेतातली माती चोरीला जाते आहे.

हसू नका. तू हसतोयस, मला इथून दिसतंय. माझ्या लिंबांची मुळं उघडी पडली आहेत. तीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लोकांच्या मातीचे नमुने घेतले, आणि निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिले ते या चाळीस रोपांसाठी. ही गेली तर या वयात दुसरी चाळीस लावून वाढवायला मला वेळ नाही. तेव्हा हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही.

पुरावा आहे. मे महिन्यात मी प्रत्येक रोपाशेजारी एक लांब खिळा ठोकला होता, डोकं जमिनीला टेकेपर्यंत. काल सगळे तपासले. एकोणतीस खिळे दोन-दोन बोटं वर आले आहेत. खिळे काही उगवत नाहीत, म्हणजे जमीन खाली गेली. आणि पाण्याच्या टाकीमागच्या रांगेतले अकरा खिळे तर जागेवरच नाहीत! माती नेली ती नेली, खिळेही नेलेस? खिळ्यांचं काय लोणचं घालणार आहेस?

शिवाय आपल्या मधल्या बांधावर टोपलीच्या बुडाचा गोल ठसा आहे, आणि ओल्या मातीत अनवाणी पावलं. डाव्या पायाची करंगळी आत वळलेली. त्या करंगळीवर दगड पडला होता तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाले होते मी. त्यामुळे ते पाऊल कुणाचं हे मला कुणी शिकवू नये.

आता नीट ऐक. मला हा संशय गेल्या वर्षापासूनच होता. म्हणून यंदा नांगरट मी मुद्दाम वरून खाली, सरळ रेषेत करून घेतली. ट्रॅक्टरवाला कुरकुरला, "ताई, उताराला आडवं घालू द्या." मी म्हटलं, शेत माझं की तुझं? आता व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलं की एकेक सरी थेट तुझ्या बांधापर्यंत दिसते. बांधावरचं वडिलांनी लावलेलं कंबरभर गवतही मुळासकट उपटून टाकलं. गवताआड माणूस लपतो.

आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

वरच्या शेताची मालकीण


२३ ऑगस्ट

खालच्या शेताचे मालक आणि दुर्दैवाने माझे भाऊ यांस,

पोचपावती आली. सही तुझीच, तीच कोंबडीच्या पायांसारखी. खुलासा मात्र नाही. पोस्टमनला विचारलं, वाचलं का त्यांनी? तो म्हणाला, "वाचलं. घडी केली. खिशात ठेवलं." काही बोलले का? "नाही ताई, ते कुठे बोलतात!" अख्खं गाव तुला घुम्या म्हणतं ते उगीच नाही. लहानपणी मला वाटायचं, बिचारा भोळा आहे. आता वाटतं, ज्याला बोलायचं नसतं त्याच्या पोटात काहीतरी असतं.

तुझ्या लेखी माती म्हणजे काय रे? टोपलीत भरायची वस्तू? अरे, बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. खडक उन्हात तडकतो, पाण्यात झिजतो, त्यावर पाला कुजतो, किडे-गांडुळं राबतात, तेव्हा कुठे रोपाला पाय रोवता येतो. आपले पणजोबा जन्मले त्याच्या कितीतरी आधीची ती आहे. ती तू तीन महिन्यांत दोन बोटं नेलीस. घरातली वस्तू नेली असतीस तर दुसरी आणली असती. ही कुठल्या दुकानात मिळते सांग.

आणि तुला कमी काय होतं? तुझ्याकडे खाली काळी, चिकण. ओली करून तळहातावर वळली की बोटाएवढी वळी होते, तुटत नाही. पाणी धरून ठेवते, महिनाभर पाऊस नसला तरी तुझी झाडं टवटवीत. मधला पट्टा पोयट्याचा, तोही निम्मा तुझ्या बाजूला. माझ्या वाट्याला तांबडी, मुरमाड. मुठीत धरली की बोटांतून पळते. तिच्यावर जो काही कसदार थर होता तो वडिलांनी वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि शेणखत घालून जमवलेला. तोच नेमका तुला हवा झाला.

तर आता मी एक गोष्ट केली आहे. टाकीमागची रांग सोडून बाकी सगळ्या रोपांच्या बुडाशी काहीतरी मिसळलं आहे. काय ते सांगणार नाही. तुझ्या शेतात ते सापडलं की आपली गाठ सरकारी कचेरीत.

तुझी (कागदोपत्री) बहीण


६ सप्टेंबर

घुम्या,

सापडलं.

गेल्या आठवड्यात तीन दिवस धो धो पडून गेल्यावर, काल तुम्ही नवरा-बायको बाजाराला गेलात तेव्हा मी तुझ्या शेतात आले होते. चोरून नाही, बघायला. कुंपण ओलांडताना साडी फाटली, ते जाऊ दे. बांधापासून दहा पावलं आत मी गुडघ्यावर बसले आणि चमच्यानं माती उकरली. निळे कण. एक, दोन, मग मूठभर. माझे.

कसले कण ते आता सांगते. आईचे निळे कप. सहा होते, तीन तुला, तीन मला. माझे तीन मी खलबत्त्यात कुटले, बश्यांसकट. एक डबाभर चुरा झाला. कुटताना काही वाटलं नाही. (वाटलं. दुसऱ्या कपाचा कान निघाला तेव्हा थोडा वेळ थांबले होते. पण चोर पकडायचा तर सापळ्यात काहीतरी घालावंच लागतं.)

परवा टाकीमागे गेले होते, तर तिथेही रोपांच्या बुडाशी माती ताजी उकरलेली, भुसभुशीत. म्हणजे अजून हात चालूच आहे तुझा! व्हरांड्यातून टाकीमागचं दिसत नाही हे तुला बरोबर माहीत. मी सातच्या आत उठत नाही हेही माहीत. रक्तदाबाची गोळी घेते मी, मेली नाही अजून.

आज तक्रार दिली. 'शेजारील शेतमालकाने सुपीक मातीची चोरी केल्याबाबत.' मृदसंधारण खात्याचा अधिकारी वीस तारखेला पाहणीला येतोय. आणि हा अधिकारी कोण, माहीत आहे? आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली नमुने चाळायचा तो. आम्ही त्याला चाळणीच म्हणायचो. आता साहेब झालाय. माती त्याला फसवू शकत नाही, कारण त्याला शिकवलंय मी. चोरी ठरली तर गुन्हा दाखल होईल असं कारकून म्हणाला.

वडिलांच्या पश्चात चारचौघांत मी तुला बांधकोऱ्या म्हणाले होते, बांध कोरून दुसऱ्याची जमीन खाणारा. तेव्हापासून तू बोलायचा थांबलास. तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता, हे मान्य. आता आहे.

ताई


१४ सप्टेंबर

घुम्या,

तुझी बायको आली होती. तू पाठवलीस की आपणहून आली, ते तूच जाणे. मी दार अर्धंच उघडलं. ती पायरीवरच बसली. मग मलाही बसावं लागलं, उभ्यानं गुडघे दुखतात.

"ताई," ती म्हणाली, "तक्रार मागे घ्या म्हणायला नाही आले. साहेब येऊ देत, बघू देत. मला फक्त एक सांगा, गवत का काढलंत?"

म्हटलं, तुझ्या नवऱ्याला लपायला जागा राहू नये म्हणून.

ती हसली. मला राग आला. म्हणाली, "त्यांना लपायला गवत कशाला हवं? ते घरातसुद्धा सापडत नाहीत."

"मग सांग ना, पहाटे सहाला टोपली घेऊन कुठे जातो तो? ट्रॅक्टरवाल्यानं बघितलंय त्याला."

"तुम्हीच विचारा त्यांना."

"बोलतो का तो?"

"तुम्ही विचारता कुठे? तुम्ही रजिस्टर करता."

बघ, तोंडाला तोंड द्यायला शिकवली आहेस. जाताना उठली आणि म्हणाली, "ते टोपलीतले निळे तुकडे वेचून खिशात घालत होते. परवा शर्ट धुताना सापडले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, आईचे कप."

म्हणजे तुला कळलं. कळूनही मुकाट्यानं टोपली भरतच राहिलास. याला मी काय म्हणू? कोडगेपणा म्हणते. टोपलीत माझी माती होती हे तुझ्याच बायकोनं कबूल केलं, ते मी वहीत तारखेसह टिपून ठेवलंय.

पण एक विचारते, उत्तर देणार नाहीस हे ठाऊक असून. चोरलेल्या मातीतले तुकडे कुणी जपून खिशात कशाला ठेवील?

मला रात्री नीट झोप लागत नाही. तुझ्यामुळे.

ताई


२० सप्टेंबर

घुम्या,

तू तिथेच होतास, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी लिहिते, कारण तू बघितलंस ते आणि मी बघितलं ते वेगळं असणार.

चाळणी आला तोच मुळी माझ्या सऱ्यांकडे बघत. "ताई, ही नांगरट कुणी केली?" म्हटलं, मी करून घेतली, पहारा ठेवायला. तो वहीत काहीतरी लिहायला लागला. साहेब झालेली माणसं लिहायला लागली की भीती वाटते.

मग तुझ्या शेतात गेला. मी मागे, तू तुझ्या बांधावर हाताची घडी घालून. त्यानं चार ठिकाणी खड्डे घेतले. बांधालगत माझे मोठे तुकडे, थोडं पुढे मध्यम, आणखी खाली नुसती निळी भुकटी. पंख्यासारखं पसरलेलं. तो उकिडवा बसून मला म्हणाला, "ताई, बाटलीत माती हलवून ठेवली की आधी काय खाली बसतं?"

मी म्हटलं, रेती. मग बारीक गाळ. चिकण सगळ्यात शेवटी. हे मीच तुला शिकवलं.

"मग हे कुणी निवडून ठेवलं? चोर टोपली ओततो, चाळून पसरत नाही. हे पाण्याचं काम आहे. तुमच्या प्रत्येक सरीतून पाणी घसरगुंडीसारखं खाली आलं, आणि अडवायला बांधावर गवत नव्हतं."

तेव्हा मला त्याचा इतका राग आला! वाटलं, तू याला आधीच भेटला असशील. खरं सांगते, तसंच वाटलं. मी म्हणाले, "पाण्यानं नेलं असेल. मग अकरा खिळे कुठे गेले? तेही पाण्यानं उपटले? टाकीमागे चल, तिथे उकरलेली माती दाखवते."

मीच घेऊन गेले त्याला, घुम्या. माझ्या पायांनी.

तो पहिल्या रोपापाशी बसला आणि हातानं माती बाजूला सारायला लागला. काळसर, मऊ माती. चार बोटं खाली खिळा होता. जिथे मी ठोकला होता तिथेच, सरळ. दुसऱ्यापाशी तसाच. अकराच्या अकरा. कुणी नेले नव्हते, त्यांच्यावर माती चढली होती. आणि त्या मातीत निळे बारीक कण. टाकीमागे मी एक चिमूटही टाकली नव्हती.

चाळणी हात झटकत उभा राहिला. "ताई, टाकी चढावर आहे. पाणी माती खाली नेतं. वर आणत नाही."

मी तुझ्याकडे बघितलं. तू पायाकडे बघत होतास, त्या वाकड्या करंगळीकडे. चाळणीनं तुला विचारलं, अहो, मग सांगितलं का नाही यांना? आणि तू चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर तोंड उघडलंस, तेही त्याच्याशी. "मोठी बहीण आहे. सांगितलं असतं तर तिनं माती परत खाली आणून टाकली असती."

टाकली असती. मी नक्की टाकली असती. तुझ्या दारात आणून ओतली असती आणि वर म्हटलं असतं, मला तुझे उपकार नकोत.

मी तिथून निघून आले. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणाला. दार लावून बसले.

एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही ती लिहिते. वाटणीच्या वेळी वडील म्हणाले होते, आधी तू निवड, तू मोठी. आणि त्यांनी बोट दाखवलं खालच्या शेताकडे. मला वाटलं, आपण होऊन दाखवतायत म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. म्हणून मी वरचं मागितलं. जन्मभर लोकांना सांगितलं की तुला झुकतं माप दिलं.

पत्र टाकू की नको, ठरत नाही.


२७ सप्टेंबर

घुम्या,

आधीचं पत्र टाकलं नव्हतं, ते यासोबत जोडलंय. तक्रार मंगळवारी मागे घेतली. कारण काय लिहू असं कारकून विचारत होता. मी सांगितलं, 'तक्रारदाराची चूक' असं लिही. तो म्हणाला तसा रकाना नाही. म्हटलं, मग समासात लिही.

ट्रॅक्टरवाल्याला बोलावलंय. उताराला आडवी नांगरट. तो नुसता "बरं ताई" म्हणाला, पण ते त्यानं असं म्हटलं की मला कानफटात बसल्यासारखं झालं. रोपांच्या बुडाशी पाला पसरायला घेतलाय. उघडी जमीन ठेवणार नाही.

कपाट आवरताना प्रयोगशाळेतला माझा रबरी शिक्का सापडला. निवृत्त होताना परत करायला विसरले होते. (विसरले नव्हते, ठेवून घेतला.) तीस वर्षं प्रत्येक अहवालाच्या खाली मारायचे. शाई वाळली होती, थुंकी लावून मारलाय, बघ वाचता येतो का:

उताराला आडवी नांगरट करावी. बांधावर गवत राखावे.

हजारो लोकांच्या कागदावर मारला असेन मी हा.

आता मुख्य गोष्ट. आज सकाळी पायरीवर एक निळा कप होता. आईचा, तुझ्या तिनांतला. त्यात काळी माती आणि बांधावरच्या गवताचा एक ठोंब. म्हणजे मी उपटून फेकलेलं तू उचलून नेऊन जगवलंस होय? माझ्या मागे, मला न विचारता? संशय घ्यायला हवा होता तेव्हा नेमका घेतला नाही मी.

पण अक्कल आहे का तुला? कपात लावतात का गवत? बुडाला भोक नाही, पाणी तुंबून मुळं कुजली असती! लगेच काढला आणि बांधावर लावला. तिथे बसून रडले थोडी. कुणी बघितलं नाही. आता समोर सगळं मोकळं आहे, तेव्हा कदाचित तू बघितलंही असशील.

एका ठोंबानं काही होत नाही. बांधाच्या एका ओळीला दोनशे तरी लागतील. जगवलेले सगळे घेऊन ये, मी मोजून घेणार आहे. सहाला ये. मी उठलेली असेन, दुसरी टोपली घेऊन.

हे पत्र रजिस्टर केलेलं नाही. पोस्टमन हातात घेऊन उलटंसुलटं करील आणि विचारील, "पोचपावती नको?" म्हणेन, नको.

कप धुऊन फळीवर ठेवलाय. उरलेले दोन मात्र वर पाठवू नकोस. त्यांतला चहा प्यायला मी खाली येते.

तुझी ताई